पन्नास पेन्सची पेटी

मंगळवारी माझी पाळी असते,
ग्रिम्सबीत, हॉस्पिसच्या जुन्या सामानाच्या दुकानात.
कुणी गेलं की घर आवरलं जातं
आणि ते घर आमच्याकडे येतं:
बशा, चालायच्या काठ्या,
पाहुण्यांसाठी जपलेले, कधीच न वापरलेले टॉवेल,
आणि हमखास एक खोका छोट्या तबकड्यांचा.

मी आधी पुसते, मग वाजवते, मग किंमत लावते.
बाकीच्या बायका नुसतीच लावतात.
न ऐकता कशी लावायची?
आपण कलिंगडसुद्धा टिचकी मारून घेतो.

बहुतेक गाणी कुणाच्याच लक्षात नसलेली,
सदुसष्टची, एकाहत्तरची.
केस वाढवलेल्या पोरांनी उसन्या गिटारी घेऊन
एकदाच लंडन गाठलेलं.
तेव्हा मी मिरजेत, परकर-पोलक्यात.
इथे आले तोवर ही सगळी विझून गेलेली.
त्यामुळे जग ज्यांना विसरलं
त्यांची माझी ही पहिलीच भेट,
साठीनंतर,
किमतीच्या चिकटपट्ट्या बोटाला चिकटलेल्या असताना.

त्या दिवशी हाती आली ती 'द टायडल क्लार्क्स'ची.
भरती-ओहोटीचे कारकून!
एकटीच हसले.
लेबलवर ओल चढलेली,
गाण्याच्या नावातला फक्त गुरुवार शिल्लक.
पाकिटात कुणीतरी घडी घालून ठेवलेलं कात्रण.
सुई टेकवली.
खरखर. मग एक ऑर्गन, किंचित सर्दी झालेला,
मग ड्रम्स, इस्त्री केल्यासारखे नेटके,
आणि एक मुलगा, कुणी गुरुवारी येणार म्हणून
सोमवारपासूनच गात बसलेला.
दुसऱ्या कडव्यात चरा:
ये ना, ये ना, ये ना,
बोटाने ढकलेपर्यंत ती काही येईना.

"बंद करू नका."
काखेत टेबललॅम्प धरलेला एक म्हातारा.
ट्रेव्हर डॅनट. मासळीच्या गोदामात तीस वर्षं,
बर्फाने बोटं जाड झालेली.
"आमचा बँड."
मी कात्रण उलगडलं. चौघं.
डावीकडे, काड्यांचा गुणाकार करून उभा, तोच.
कान तेच.
मी म्हटलं, "काय सुंदर वाजवलंत हो!"

गाणं संपेपर्यंत तो बोलला नाही.
मग म्हणाला,
"तो मी नाही.
स्टुडिओने त्यांचा माणूस बसवला.
वीस मिनिटांत उरकून, छत्री घेऊन गेला तो.
मी चहा केला. चार कप.
एक बिनसाखरेचा."

अशा वेळी काय म्हणतात
ते मला मराठीतही माहीत नाही.
"तुम्ही कसं वाजवायचा?" एवढंच विचारलं.

त्याने लॅम्प खाली ठेवला.
काउंटरवर, पावत्यांच्या गठ्ठ्याशेजारी, दोन बोटं.
थोडं उशिरा. प्रत्येक ठोका जरासा मागे,
गोदीवरून कुणी ओझं घेऊन चढ चढतंय तसा,
आणि कडवं संपताना असा एक हिसका
की फळीवरच्या बशा किणकिणल्या.
हा गुरुवार वेगळा होता.
यातल्या मुलाला ठाऊक होतं की ती येणार नाही,
तरी तो बूट पुसून बसला होता.

मला उगाच आमचा अच्युत आठवला,
शेवटच्या बाकावर ठेका धरतो म्हणून
तळव्यांवर पट्ट्या खाणारा.
पुढे तो एलआयसीत लागला.
त्याला कधी विचारलं नाही
तो नेमकं काय वाजवायचा ते.

"घेता का?" मी तबकडी पुढे केली.
"घरी यंत्र नाही."
लॅम्पचे तीन पौंड मोजून दिले.
दारात थांबला. "तो माणूस
वाजवायचा चांगला, बरं का."
आणि गेला.

तबकडीवर मी अजून किंमत लावलेली नाही.

दोन मिनिटांत पुन्हा दार वाजलं.
"बाई, याला बल्ब कोणता लागतो?"