काचेची पट्टी

सतरा वर्षं लालबागला, चुरी साहेबांच्या ऑफिसात
मी इमारतींची दुखणी टाइप करते.
खांब क्रमांक अमुक, तडा केसाएवढा,
सळई उघडी, गच्चीला ओल,
आणि शेवटी शिक्का: सी-वन, रिकामी करा.
किंवा सी-टू-बी,
माणसं आत राहून दुरुस्ती शक्य.

माझ्या अंगाचा अहवाल मीच ठेवते,
निळ्या फाइलीत, तारखेवार.

टीएसएच तीन पूर्णांक नऊ.
‘मर्यादेत आहे,’ पहिले डॉक्टर.
कोणाच्या मर्यादेत, मी विचारलं,
चार वर्षांपूर्वी माझंच दीड होतं.
ते हसले. ‘फार वाचता वाटतं.’
वाचते. प्रूफं तपासायची सवय आहे, डॉक्टर.
दशांशचिन्ह एक घर सरकलं
तर सात मजले खाली येतात.

दुसऱ्यांनी मानेचा एमआरआय काढला.
पाचव्या-सहाव्या मणक्यात चकती थोडी बाहेर,
‘वयाप्रमाणे.’
पण मला आडवी निजवून काढलात ना तो?
आडवी असले की मान गप्प असते.
ती बोलते साडेअकराला, कीबोर्डसमोर,
डोक्याचं ओझं वर असताना.
रिकाम्या जिन्याची परीक्षा घेऊन
लग्नाच्या दिवशीचं काय कळणार?

तिसरीकडे फॉर्म.
वेदना, शून्य ते दहा, गोल करा.
मी पेन धरून बसले.
ठणका किती, कळ किती,
पोटऱ्यांत वळतं ते, खांद्यात भरून येतं ते,
ओढणीसुद्धा वजनाची होते ते,
आणि सकाळचं, रात्रभर कुणाच्या तरी गोणी वाहिल्यासारखं?
त्याला आई म्हणायची, अंग आंबलंय.
आंबलेल्याला आकडा कुठला?

आईही पन्नाशीच्या अलीकडे भिंत धरून चालायची.
‘जाताना होतंच,’ शेजारणी म्हणायच्या,
काय जाताना ते कुणी उच्चारत नसे.

म्हणून मी कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी,
लाल ठिपके द्यायला लागले.
आठ महिन्यांत दिसलं:
पाळीआधीच्या दहा दिवसांत ठिपक्यांची दाटी.
मग पाळीच चुकायला लागली,
ठिपके सगळीकडे झाले.

साहेब म्हणतात, ओल दिसते तिथे गळती नसते.
पोपडे तिसऱ्या मजल्यावर,
पाइप फुटलेला सातव्यावर, म्हात्र्यांच्या मोरीत,
आणि म्हात्रे शपथेवर सांगतात, आमचं घर कोरडं आहे.

माहीमच्या डॉक्टर नीलोफर मुकादम
कॅलेंडर उलटंपालटं करून बघत राहिल्या.
दुधाचा हिशेबही वाचला असणार.
म्हणाल्या, ‘संप्रेरकांचा हात असेल. मानेचाही.
दोघांनी मिळून मज्जातंतूंचा आवाज वाढवला असेल.
यातलं आधी कोण, मला माहीत नाही.’

नऊ वर्षांत ‘नॉर्मल’ ऐकून मी एकदाही रडले नव्हते.
‘माहीत नाही’ला रडले.
त्यांनी टिश्यूचा डबा पुढे केला,
तो रिकामा निघाला, तेवढ्यात हसूही आलं.

रात्री अर्धी गोळी. मानेचे व्यायाम, दुखेल इतके नाही.
सकाळी आठला, उपाशीपोटी, पुन्हा रक्त.
‘नोकरी सोडायची गरज नाही,’ त्या म्हणाल्या.
‘म्हणजे सी-टू-बी,’ मी म्हटलं.
त्यांना कळलं नाही.

तड्यावर साहेब काचेची पट्टी चिकटवतात,
दोन्ही टोकं प्लास्टरमध्ये, शेजारी तारीख.
काच फुटली तर तडा जिवंत,
नाही फुटली तर जुना, निजलेला.
तीन महिने कुणी हात लावायचा नाही.
पोरं लावतात. जिन्यात क्रिकेट असतं.

फाइलीवर मी मार्करने तारीख घातली,
साहेब घालतात तशी, जरा तिरकी.
घरी आल्यावर लाल पेन सापडेना.
आजचा ठिपका निळा आहे.