१००७

ससून डॉकला, बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत
सर्व्हर लाकडी फळीवर ठेवलाय.
खाली लादी फुटली की
हादरा कीबोर्डपर्यंत येतो.

सलोनी वैती म्हणाली, पहाटेपासून
एकच ओळ दाखवतोय: परवानगी नाकारली.
लिलाव उरकला, बोटी वळल्यासुद्धा,
सुरमईच्या नव्वद पेट्या अजून कागदावर
आणि कागद ओला.

मी म्हटलं, तासाभरापूर्वीच घातलंय तुला
'हिशेब' ग्रुपात.
पण मशीन ओळख विचारतं ती उंबऱ्यावर, एकदाच.
बाहेर जा, परत आत ये.
ती खरंच उठून जिन्यापर्यंत गेली.
मला लॉगआऊट म्हणायचं होतं.

हसून झालं. आता वाचता येत होतं,
लिहिता नाही.

मग लांबलचक यादी मागवली.
मालकाला वाचा, लिहा.
ग्रुपला नुसतं वाचा.
बाकीच्यांना आडव्या रेघा.
आणि मालकाच्या जागी नाव नव्हतंच,
आकडा होता.

हा कोण, तिने विचारलं.

रघुवीर नाखवा. चष्मा कपाळावर,
चौदा वर्षं एका बोटाने
बोटीगणिक बर्फाची उधारी टाइप केलेली.
निवृत्तीच्या संध्याकाळी
पेढ्यांचा बॉक्स संपायच्या आत
मी त्यांचं खातं पुसलं. नियम आहे तसा.
नाव गेलं, फायलींना कुणी कळवलं नाही.

केणी मॅनेजर मागून म्हणाले,
सातशे सत्त्याहत्तर मार की, सगळ्यांना सगळं.
म्हटलं, साहेब, गल्ला धक्क्यावर उघडा टाकून
चहाला जाता का तुम्ही?

मालक म्हणून माझं नाव टाका ना,
सलोनी म्हणाली.
एका ओळीचं काम. मी रूटच होतो.

नाही टाकलं.
ग्रुपला लिहायचा हक्क दिला, एवढंच.
आणि मॉनिटरच्या कडेला पेनाने चिठ्ठी:
१००७ कुणाला देऊ नये.
मशीनला नंबर मोकळा दिसला
की नव्या माणसाच्या गळ्यात घालतं ते,
चौदा वर्षांच्या उधारीसकट.

सलोनीने फाइल उघडली.
तळाशी नाखवांची शेवटची ओळ,
एकतीस मार्च: बाकी पुढे ओढली.
तिच्याखाली तिने, दहाही बोटांनी,
जयलक्ष्मी. सुरमई नव्वद पेट्या.
बर्फ अकरा लाद्या,
त्यातली एक फुटकी.