शेरा

तुलारोसाच्या खोऱ्यात सकाळी सहाला
एलिसेओ बाका तेल तापवतो.
वारा नैर्ऋत्येचा, सेकंदाला तीन मीटर.
मी जीपच्या टपावर, मांडीवर वही,
आणि दोन किलोमीटरवर एक जुना रणगाडा.
त्याला आता कुणी चालवत नाही.
काम एवढंच : दिसेनासं व्हायचं.

डोळ्यांत तेल घालून पहारा करावा म्हणतात.
आम्ही तेल हवेत घालतो.

पांढरा लोट उठतो, आडवा होतो,
जमिनीला पोट घासत सरकतो.
कागदावर काटा उतरत जातो :
नव्वद टक्के, चाळीस, सात.
"गेला," एलिसेओ म्हणतो,
जसं कुणी घरातलं गेल्यावर म्हणतात.

रात्री बराकीत मी कार्डांचा गठ्ठा
यंत्राला भरवते.
माझ्या समीकरणात धूर शहाण्यासारखा वागतो,
मधोमध दाट, कडांना विरळ, घंटेच्या आकाराचा.
धूळ नाही ऐकत.
चाकांची वेगळी, तोफगोळ्याची वेगळी,
जिप्समची पांढरी, ओढ्याकाठची तांबूस,
दरेकीला आपला आकडा हवा.
तो एलिसेओ सांगतो,
बुटाच्या टोकानं माती उकरून.
त्याचा बाप इथंच मेंढ्या राखायचा,
तारेचं कुंपण पडायच्या आधी.
लांबच्या धुरळ्यावरून ओळखायचा म्हणे,
घोडा शेजाऱ्याचा की सरकारचा.

मेजर थ्रेलकेल्ड आला, म्हणाला, एका वाक्यात सांगा.
मी सांगितलं : सदतीस सेकंद.
त्यानं लिहून घेतलं, टोपी घातली, गेला.

"आणि जो धुरात आहे त्याला?"
एलिसेओनं विचारलं, पाना पुसत.
"त्याला काय दिसतं?"
माझ्या प्रोग्रॅममध्ये एक रेषा आहे,
बघणाऱ्यापासून निशाण्यापर्यंत.
मधे कुणी उभं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आत शिरले.
आधी बूट गेले, मग वही,
मग तोंडासमोर धरलेला माझाच हात.
घशात डिझेलची चव.
डावं-उजवं संपलं. सेकंद मोजायचे होते,
अकराला विसरले.

मग कुठूनसा रिकाम्या पिंपावर
पाना आपटल्याचा आवाज. थांबून, पुन्हा.
एलिसेओ ठोकत होता.
मी त्या ठोक्यांना धरून चालत राहिले,
आणि एकदम ऊन लागलं.

त्या दिवशीच्या नोंदीत दृश्यता शून्य.
पुढच्यासाठी रकानाच नव्हता,
म्हणून शेऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं :
ऐकू येत होतं.