बालामणीबाईंची कत्ती

दोन्ही गुडघ्यांत आता स्टीलच्या वाट्या आहेत
आणि डॉक्टरांनी सांगितलंय, खाली बसायचं नाही.
म्हणजे विळी गेली.
हे त्यांनी मला साखर पेठेतल्या बोळात उभ्या उभ्या सांगितलं,
कुणी वारल्याचं सांगावं तसं.
मग म्हणाल्या, तुम्ही मिलमध्ये फिटर होता ना,
एक कत्ती करून द्या.
बाजारातली हाताचं ऐकत नाही.

मी आधी पुठ्ठ्याची केली.
चपलांच्या खोक्याचं झाकण, आठ इंच, टोकाला उतरती.
त्यांनी ती ओट्यावर धरली, धार वर करून,
आणि दुसऱ्या हाताने वांगं तिच्यावर रेटलं.
पुठ्ठा मुडपला.
आम्ही दोघंही थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिलो.

पंचेचाळीस वर्षं वांगं पात्याकडे गेलेलं.
आता पात्यानं वांग्याकडे जायचं
हे हाताला कोण सांगणार?
मी यंत्रं दुरुस्त केलीत, सवयी नाही.

म्हणून माप हाताचंच घेतलं.
गरम पाण्यात मळलेला ज्वारीच्या पिठाचा गोळा पुढे केला,
म्हटलं, दाबा. राग असेल तेवढा.
चार बोटांच्या खाचा उमटल्या,
तर्जनीची उथळ.
चादरींच्या दशा कापताना कधीतरी कात्रीनं नस गेलेली,
ते बोट नुसतं सोबतीला असतं.
रात्रीत गोळ्याला तडे गेले,
पण तोवर मी कॅलिपर लावून सगळं वहीत उतरवलं होतं.

लोखंड म्हणजे जुनी कानस.
दात बोथट, अंगात कार्बन भरपूर.
शेगडीत लाल करून रात्रभर राखेत निजवली
तेव्हा कुठे ती स्वतःला घासू देऊ लागली,
जन्मभर दुसऱ्यांना घासलेली.
धारेला पोट ठेवलं, म्हणजे टोक ओट्यावर टेकून राहील,
पातं तिथल्या तिथे डुलेल,
आणि भाजीला पुन्हा तिच्याकडे सरकता येईल.
एवढीच माझी अक्कल. बाकी घासकाम.

पहिलं पातं मी पाण्यात विझवलं. घाई.
टिक् असा बारीक आवाज झाला, बांगडी वाढवावी तसा,
आणि पाठीपासून धारेपर्यंत केसाएवढी चीर.
दुसरी कानस, दुसरा रविवार, करडईचं तेल.
फुटक्या रेडिओतलं चुंबक जवळ नेत राहिलो.
लाल पातं त्याला ओळख देईनासं झालं
की बुडवायचं, आधी नाही.

मग मंद आच, आणि रंगाची वाट बघणं.
मी कडब्याचा रंग बघतो.
संक्रांतीला रानात उभा असतो तो नव्हे,
शिमग्याला गंजीत रचलेला.
त्याच्या अलीकडे थांबलं तर पातं चिडकं,
ओट्यावरून पडलं की तुकडा.
जांभळं झालं तर भलतंच समजूतदार, कशालाही वाकतं.

मुठीला त्यांच्या सासऱ्यांच्या हातमागावरचा धोटा निघाला.
करवत लावताना मी थांबलो.
कापा, त्या म्हणाल्या,
पळायला कुठे जागा राहिलीय त्याला.
मधला पोकळ भाग सोडून दोन टोकांच्या दोन फाका,
पितळेच्या दोन खिळ्या.
सुताने इतका गुळगुळीत केलेला
की पॉलिश पेपरला काही कामच उरलं नाही.

सुरी हातात देऊ नये, भांडण होतं.
मी ओट्यावर ठेवली आणि मागे सरलो.
त्यांनी कांदा घेतला. टोक टेकवलं.
डावा हात कांदा पुढे सारत गेला, सारत गेला,
जुन्याच सवयीनं.
चकत्या एकीवर एक कलंडल्या.
त्यांचे डोळे भरले, पण तो कांदा होता.

मग मूठ वळवून बघत म्हणाल्या,
करंगळीपाशी जाड झालीय. अर्धा सूत.
मी वही काढली.
अर्धा सूतच होती.