शकेल

वेंगुर्ल्याच्या टेकडीवरच्या विश्रामगृहात
समिती दहाला बसायची होती, बसली पावणेबाराला.
एकतीसपैकी अकरा सदस्य. त्यातले अकरावे
घाटात गाडी लागून आतल्या खोलीत आडवे,
गणपूर्तीसाठी तेही धरले.

मी सावंतवाडी कोर्टाचा लघुलेखक, दोन दिवसांसाठी उसना,
मालवणी समजणारं यादीत दुसरं कुणी नव्हतं म्हणून.

खिडकीतून खारा वारा आला की विधेयकाची पानं उठायची.
शिपायाने प्रत्येक प्रतीवर जांभ्याचा एकेक खडा ठेवला.
तांबडी धूळ कलमांवर बसली, कुणी झटकली,
कुणी तशीच वाचली.

दीड तास एका क्रियापदावर गेला.
मसुद्यात होतं: न्यायालय कच्च्या कैद्याला सोडू शकेल.
निवृत्त न्यायाधीश म्हणाले, सोडील लिहा.
मंत्रालयाचे सहसचिव म्हणाले, न्यायालयाचा विवेक राहू द्या.
ईशान्येकडच्या एक सदस्या, आवाज चहाच्या कपाएवढा,
म्हणाल्या, या 'शकेल'मध्ये आज किती माणसं बसली आहेत?
आकडा मागवू, असं ठरलं.
ठरल्याची नोंद आहे. आकडा नाही.

जेवणानंतर साक्षीदार क्रमांक सात.
रुक्मा आत्माराम गिरप, मासेविक्री.
पाटी व्हरांड्यात ठेवून आलेली,
म्हणून अर्धं लक्ष मांजराकडे.

घोव अकरा महिने आत. होडीचं इंजिन चोरल्याचा आळ.
इंजिन तिसऱ्या महिन्यात सापडलं,
मालकाच्याच मेव्हण्याच्या खळ्यात, ताडपत्रीखाली.
जामीन झाला. सुटका आणखी महिनाभर नाही,
कारण आरोपपत्रात कुणीतरी गिरपचं गरीब केलं होतं.
दाखले गिरपचे, हुकूम आत्माराम गरीबचा,
आणि तुरुंगाचा शेरा: या नावाचा कैदी येथे नाही.

सदस्य हसले. मग थांबले.
सगळे एकाच वेळी थांबले नाहीत.

एकाने, अगदी सरळ मनाने, विचारलं,
कायदा म्हणजे जाळंच ना बाई?
छोटा मासा अडकतो, मोठा निसटतो?
हे वाक्य ते बहुधा दिल्लीहून सोबत घेऊन आले होते.

तिने मान हलवली. नाही, अशी.
"गावलो तर गावलो मासो, साहेब. जाळ्याक दोष नाय.
पण जाळा त्याच दिसा सोडवूक व्हया.
दुसऱ्या दिसाक मासो कुसता.
तिसऱ्या दिसाक जाळा."

पंखा फिरत होता.
अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं: काय म्हणाल्या त्या?

कुसता.
सडतो म्हटलं तर शब्द मोठा होतो,
खराब होतो म्हटलं तर केळ्यांचा घड डोळ्यांपुढे येतो.
आणि जाळं कुसणं तर त्यांच्या भाषेत नाहीच,
त्यांच्याकडे जाळी धुऊन वाळवत नाहीत.
मी उठून म्हणालो,
विलंबाने नुकसान होते, असे साक्षीदाराचे म्हणणे आहे.

ते माझं म्हणणं होतं.
बावीस वर्षांची नोकरी बोलली.

अहवाल पुढल्या अधिवेशनात पटलावर आला.
परिशिष्ट नऊ, पान दोनशे चौदा:
मत्स्यव्यवसायातील एका साक्षीदाराने विलंबाकडे लक्ष वेधले.
समितीची शिफारस, सोडील. चौघांची भिन्न मतपत्रिका.
शिफारशीची नोंद घेण्यात आली, असं सरकारचं उत्तर.
कायद्यात शकेल आहे.

पण त्या दिवशी, पाचच्या सुमारास,
गाड्या उतारावरून गेल्यावर,
ती पाटी उचलायच्या आधी माझ्या टेबलाशी आली.
"माजा नाव कसा लिवलास?"

मी वही फिरवून तिच्यापुढे धरली.
रेघा, आकडे, ठिपके.
"ह्यात गिरप खंय?"
मी एका वळणावर पेन टेकवलं.
तिने तिथे बोट ठेवलं, खातरी होईपर्यंत,
आणि उचललं तेव्हा
नावावर बांगड्याचं एक खवलं राहिलं.

वही जमा करायची असते.
मी केलेली नाही.