क्रमांक एक्केचाळीस

तार्तूमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, रेडिएटरला पाठ लावून
मी लोकांच्या मनाचे आकडे भरते.
दिवसातून पाचदा, वेळ आधी न सांगता,
एकशे बारा फोन एकदम थरथरतात :
आत्ता तुम्हाला कसं वाटतंय?
एक ते सात.
याआधी फोन कधी हातात घेतला, कशासाठी,
आणि तळाला एक मोकळी चौकट,
आणखी काही सांगायचं असल्यास.

सहसा कुणाला काही सांगायचं नसतं.

एक्केचाळीस सांगतो. किंवा सांगते.
नाव आम्हाला कळू नये अशी सोय आहे.
वय एकाहत्तर. हियुमा बेट. घरात माणसं : एक.

सोमवार, ९.४० : चार. धुकं. फेरीबोट सुटली नाही.
सोमवार, १.०५ : चार. बटाटे उकडतायत, थोड्या वेळाने विचारा.
मंगळवार, ३.१० : उत्तर नाही.
मंगळवार, ४.५५ : चार. मघाशी हात माशांत होते, माफ करा.

माफ करा, यासाठी माझ्याकडे रकाना नाही.
प्राध्यापक उर्मास म्हणतात, असंबद्ध मजकूर, शून्य घाल.
घालते.
धुक्याला शून्य. बटाट्यांना शून्य.

दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, भलत्याच वेळी
एक्केचाळीसने आपणहून लिहिलं :
फोन वाजल्यासारखा वाटला म्हणून
खोपटातून धावत आले, एक बूट तिथेच राहिला.
तुम्ही नव्हतात.

आले. म्हणजे बाई.
आणि याला मात्र रकाना होता!
न झालेली थरथर जाणवणे, संकेत सात.
पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिचं काहीतरी
आमच्या तक्त्यात नीट बसलं,
मी खुशीत सात टाकला
आणि कॉफी आणायला गेले.
जिन्यात तो बूट आठवला.

शुक्रवार, ८.१५ : पाच.
तार्तूत बर्फ पडलं म्हणे, रेडिओवर सांगितलं.
तुमच्याकडे सरपण आहे ना?

तो पाच कशाचा, ते विचारायची मुभा नाही.
सहभागी व्यक्तींशी संपर्क करू नये,
नियमावलीत हे ठळक छापलंय,
खाली माझीही सही आहे.

अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्राने सगळ्यांचे आभार मानले,
एकसारखे, एकाच मिनिटाला.
तिने उत्तर दिलं : चार. बरं.

एकोणतिसाव्या दिवसाच्या नोंदी कुणी पाहत नाही.
मी पाहिल्या.
९.३८ ला ॲप उघडलं, बंद केलं.
१.०२ ला उघडलं.
४.५० ला उघडलं, आणि अकरा मिनिटं
तसंच उघडं राहिलं, कोऱ्या पडद्यावर.

आलेखात तिची रेघ जवळजवळ सपाट आहे.
उर्मास म्हणाले, चढउतार नगण्य,
वगळली तरी निष्कर्ष हलत नाही.
हलत नाही, हे खरंच.

पाच वाजताच अंधार झालाय.
सरपणापुढचं शून्य मी खोडलंय
आणि त्या जागी काय घालावं ते सुचत नाही.
पाठीला रेडिएटर चांगला तापलाय.
निदान एवढं तरी
तिला कळवायला हवं होतं.