ठिपका, रेघ, ठिपका

व्हावाऊच्या बंदराकडून चढ चढत गेलं
की तिसऱ्या वळणावर सेमिसीचं घर.
निवृत्त बिनतारी ऑपरेटर.
मी गेले तेव्हा तो केळीखाली वाकून
पानाचा देठ उन्हात धरून उभा होता
आणि पुटपुटत होता:
ठिपका, रेघ, ठिपका, ठिपका.

म्हटलं, "आजोबा, मी लुसेआने, शेतीखात्याची."
म्हणाला, "थांब. निम्माच आलाय."

पर्णगुच्छ लागला की देठावर
गर्द हिरव्या तुटक खुणा उमटतात.
आमच्या पुस्तकात लिहिलंय: मोर्सच्या लिपीसारख्या.
ते वाक्य पाठ करून मी परीक्षा दिली.
त्या लिपीवर पोट भरलेला माणूस
मला त्यानंतर अकरा वर्षांनी भेटत होता.

"काय म्हणतेय?"
"एक एल. दोनदा आर. मग नुसता खडखडाट.
वादळात बोटी असंच पाठवायच्या,
पाठवणाऱ्याचा हात थरथरत असला की."
मग देठ सोडून, माझ्याकडे न बघता,
"आर म्हणजे मिळालं."

पोंग्यातून निघालेली पानं अरुंद, ताठ,
कडेला पिवळी,
कुणीतरी मुठीत आवळून धरल्यासारखी.
या झाडाला केळफूल येणार नव्हतं.
बुडाशी मावा, काळसर, निवांत,
आणि त्याच्या राखणीला मुंग्या.

यावर औषध नाही, हे मी दारात उभं राहून
रोज चार घरी सांगते.
आधी रॉकेल, म्हणजे मावा उडून शेजारी जाणार नाही.
मग कोयता. मग कंद खणून तुकडे.
आणि एक झाड नाही, अख्खं बेट.
आई, तिचे मुनवे, मुनव्यांचे मुनवे.

"आजच," मी म्हटलं. "उद्या रविवार."
रविवारी या राज्यात कुणी कोयता उचलत नाही.
मावा प्रार्थनेला जात नाही.

तो हसला नाही.
उद्याच्या उमूवर झाकायला चार पानं ठेवू का, विचारलं.
मी नाही म्हटलं.
नाही म्हणायचा मला पगार मिळतो.

संध्याकाळी ओसरीवर फॉर्म भरला.
रकाना सहावा: मुनवे कुणाकुणाला दिले?

हेपिसिपाला, भाचीला, लग्न होऊन पांगाईमोटूला गेली तेव्हा, तीन.
पाद्रीबाबांना, नव्या चर्चच्या कुंपणाशी लावायला.
पेनिसिमानीला, त्याची बायको गेली त्या आठवड्यात,
त्याला काहीतरी लावायला हवं होतं म्हणून.
वादळानंतर बोटीतून हाआपाईला, बावीस,
ओल्या गोणपाटात, प्रत्येकाला चिठ्ठी बांधून.

माझं पेन थांबलं.
"लिही," तो म्हणाला. "बावीस."

"दिले तेव्हा हिरवेगार होते."
"माहीत आहे, आजोबा."
"एकाचेही पैसे घेतले नाहीत."
तेही मला माहीत होतं.
विकणाऱ्याकडे पावती असते, वाट सापडते.
भेट दिलेल्याची वाट
फक्त देणाऱ्याच्या डोक्यात.
त्याच्या डोक्यात सतरा घरं होती
आणि एकही चुकलं नाही.

अंधार पडला. अंगाला रॉकेलचा वास.
लोसालीने, त्याची नात, तिचा फोन घेऊन
तो पायरीवर बसला, पाठ ताठ,
ड्यूटीवर असल्यासारखा.

पहिल्या घरी त्याने तब्येत विचारली,
मुलांची नावं घेतली, पाऊस विचारला,
मग कुठे केळीवर आला.
दुसऱ्या घरी पाऊस गळाला.
पाचव्या घरापर्यंत तार झाली होती:
केळी काढा. सगळं बेट. आधी रॉकेल. सेमिसी.

हाआपाई शेवटी.
तिथे बराच वेळ तोच ऐकत राहिला.
पलीकडून कुणी रडत होतं, शिव्या देत होतं,
की घड मोजून दाखवत होतं,
मला पायरीखाली कळलं नाही.
त्याचं बोट गुडघ्यावर हलत होतं.
आणि तो मधूनमधून एवढंच म्हणत होता,
मिळालं.

मिळालं.